झेडएक्स स्पेक्ट्रमवर हायसॉफ्टचा जेन्स असेंबलर चालू करायचा, पार माळ्यावरून काढलेल्या मशीनपासून

पुण्या-मुंबईकडे अजूनही बऱ्याच घरांत माळ्यावर एक काळं, चपटं, कडक बटणांचं मशीन पडलेलं असतं. ते बहुतेक वेळा डीबी स्पेक्ट्रम प्लस असतं, म्हणजे सिंक्लेअर या ब्रिटिश कंपनीच्या झेडएक्स स्पेक्ट्रम प्लसचं लायसन्स घेऊन पुण्याच्या डेसी बेल्स इलेक्ट्रॉनिक्सनं 1980च्या दशकाच्या शेवटी इथे काढलेलं मॉडेल. मूळ स्पेक्ट्रम ब्रिटनमध्ये 1982च्या एप्रिलमध्ये आला, प्लस 1984मध्ये, आणि आतून दोघं सारखेच, झेड80 प्रोसेसर साडेतीन मेगाहर्ट्झवर आणि 48 के रॅम. लोक हे मशीन खाली काढतात, गेम लावतात आणि परत ठेवून देतात, मला त्याचं वाईट वाटतं, कारण याच्यावर प्रोग्रॅम लिहायला बसलात तर अख्खं कॉम्प्युटर म्हणजे काय ते एका डोक्यात मावतं, आजच्या कुठल्याच मशीनचं तसं होत नाही. तर हे त्यासाठी. टूल मी घेतलंय हायसॉफ्ट डेव्हपॅक, त्यात दोन भाग, जेन्स हा असेंबलर, म्हणजे प्रोसेसरच्या सूचना शब्दांत लिहिल्या की त्यांचे आकडे (मशीन कोड) करून देणारा, आणि मॉन्स हा डिबगर, म्हणजे तो कोड एकेक पायरीनं चालवून चूक शोधायला. हायसॉफ्ट ही इंग्लंडमधली डन्स्टेबलची कंपनी आणि त्या काळात स्पेक्ट्रमवर सिरियसली मशीन कोड लिहिणाऱ्यांपैकी खूप जण हेच वापरायचे.

एक गोष्ट आधीच सांगतो, सगळं एकदम जोडून "लोड होत नाही" म्हणत बसू नका. पॉवर, चित्र, टेप, टूल, मग तुमचा प्रोग्रॅम, या क्रमानं एकेक पायरी पक्की करा आणि मगच पुढे जा, कारण पाचही ठिकाणचा बिघाड बाहेरून एकसारखाच दिसतो, काहीच होत नाही एवढंच.

पॉवर

मशीन मिळाल्या मिळाल्या प्लग लावू नका, प्लीज. स्पेक्ट्रमला 9 व्होल्ट डीसी लागतो पण पिन आतून निगेटिव्ह, बाहेरून पॉझिटिव्ह. घरात पडलेला राउटरचा 9 व्होल्टचा अडॅप्टर अगदी बरोब्बर बसतो, साइजही तीच, आणि तो असतो नेमका उलटा, आत पॉझिटिव्ह. तो लावला की मशीन जाऊ शकतं. गिटारच्या इफेक्ट पेडलचे अडॅप्टर मात्र आत निगेटिव्ह असतात, फक्त त्यातले बरेचसे दोनशे-पाचशे मिलिअँपचेच असतात आणि स्पेक्ट्रमला जुना ओरिजिनल 1.4 अँपचा यायचा, प्लसचा त्याहून थोडा मोठा, म्हणून 2 अँपचा बघून घ्या. तपकीर गल्लीत नाहीतर लॅमिंग्टन रोडला साधा चांगला 9 व्होल्टचा अडॅप्टर घेऊन पिन उलटी करून मागितली तर करून देतात, पण घरी आल्यावर मल्टिमीटरनं स्वतः तपासायचंच. ओरिजिनल अडॅप्टर असेल तर रिकामा मोजल्यावर बारा-तेरा व्होल्ट दाखवेल, घाबरू नका, तो रेग्युलेटेड नसतो, लोड आला की खाली येतो.

झाकण उघडता येत असेल तर अजून एक मोजणी करा, ही फार मोलाची आहे. बोर्डावर 4116 लिहिलेल्या आठ चिपा एका ओळीत दिसतील, ही खालची 16 के रॅम. या चिपेला तीन वेगवेगळे व्होल्टेज लागतात: पिन 1 ला उणे 5, पिन 8 ला 12, पिन 9 ला 5, आणि पिन 16 ग्राउंड. उणे 5 गायब असेल तर मशीन ताबडतोब बंद करा, कारण त्या एका व्होल्टेजशिवाय बाकीचे दोन चालू राहिले की 4116 मरतात. हे व्होल्टेज बनवणारं सर्किट बोर्डावरच आहे, एक छोटी कॉइल आणि दोन ट्रान्झिस्टर, आणि जुन्या स्पेक्ट्रमचा सगळ्यात कॉमन आजार हाच. सोल्डरिंगचा हात नसेल तर इथे टीव्ही रिपेअरवाल्या जुन्या माणसाकडे जा, त्यांना हे सर्किट ओळखीचं असतं. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर तर एवढ्या वर्षांनी बदलायचेच, त्यात विचार करण्यासारखं काही नाही.

चित्र आणि कीबोर्ड

मशीन टीव्हीला आरएफनं, म्हणजे अँटेनाच्या सॉकेटमधून, जातं, यूएचएफ चॅनल 36 च्या आसपास. तुमच्या टीव्हीत अजून ॲनालॉग ट्यूनर असेल तर ऑटो सर्च लावा, सापडतं. नसेल तर कंपोझिट करून घ्यायचं, म्हणजे मॉड्युलेटरच्या डब्यात आरएफचा भाग तोडायचा आणि बोर्डावरून येणारी व्हिडिओची वायर सरळ बाहेरच्या सॉकेटच्या मधल्या पिनला. सिग्नल पाल आहे, म्हणून आपल्याकडच्या टीव्हीवर रंग नीट येतात.

चालू केल्यावर स्क्रीन काळी होऊन पांढरी व्हायला हवी आणि खाली © 1982 सिंक्लेअर रिसर्च लिमिटेड अशी ओळ यायला हवी. ती आली म्हणजे बरंच काही जिवंत आहे. आता रॅम पूर्ण आहे का ते मशीनलाच विचारा (कमांड मी देवनागरीत लिहितोय, मशीनवर त्या इंग्रजीत):

प्रिंट पीक 23732+256*पीक 23733

उत्तर 65535 आलं तर 48 के सगळी दिसतेय. 32767 आलं तर वरची 32 के मशीनला सापडलीच नाही, गेम वगैरे काही चालतील पण आपलं काम नाही व्हायचं, आधी ते दुरुस्त करा.

कीबोर्डची मेंब्रेन बहुतेक वेळा गेलेली असते, प्लास्टिक कडक होऊन तुटतं, झाकण उघडताना पट्ट्या तर हमखास तुटतात. नवीन बनवलेल्या मिळतात, मागवून ठेवा. आणि कीबोर्डची सवय करून घ्या, इथे लोड हा शब्द अक्षर अक्षर टाइप होत नाही, जे (J) हे बटण दाबलं की अख्खा लोड येतो. रँडमाइझ टीवर, क्लिअर एक्सवर. कोड, यूएसआर आणि पीक हे एक्स्टेंड मोडमध्ये, अनुक्रमे आय, एल आणि ओवर. प्लसवर एक्स्टेंड मोडचं वेगळं बटण आहे, रबरी कीबोर्डवाल्यांनी कॅप्स शिफ्ट आणि सिम्बल शिफ्ट एकत्र दाबायचं.

टेप, जिथे सगळे अडकतात

जुनी कॅसेट आणि टेपरेकॉर्डर असेल तर उत्तमच, हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, हेडच्या शेजारचा छोटा स्क्रू थोडा थोडा फिरवून आवाज जिथे सगळ्यात तीक्ष्ण ऐकू येतो तिथे ठेवा. पण बहुतेकांकडे आता टेपची फाइल असते, टॅप किंवा टीझेडएक्स. ती लॅपटॉपवर वॅव्हमध्ये बदलायची, फ्यूज नावाच्या एम्युलेटरच्या (लॅपटॉपवर स्पेक्ट्रमची नक्कल करणारा प्रोग्रॅम) युटिलिटींमध्ये टेप2वॅव्ह नावाचं टूल येतं ते हेच करतं. एमपीथ्री करू नका. एमपीथ्री माणसाच्या कानासाठी आहे, स्पेक्ट्रमला फक्त सिग्नल वरून खाली आणि खालून वर कधी जातो त्याची वेळ हवी असते, शून्याचा बिट असेल तर 855 क्लॉकचे दोन पल्स, एकचा असेल तर बरोब्बर दुप्पट, 1710 चे दोन. एमपीथ्री नेमक्या त्याच कडा बोथट करतो.

लॅपटॉपच्या हेडफोन सॉकेटमधून 3.5 मिलिमीटरची केबल स्पेक्ट्रमच्या इअर सॉकेटला. स्पेक्ट्रमचं सॉकेट मोनो आहे, शक्यतो त्या टोकाला मोनो पिनच वापरा. इक्वलायझर, बास बूस्ट, सराउंड वगैरे जे काही "आवाज सुधारायला" चालू असेल ते सगळं बंद. फोनवरून वाजवत असाल तर एअरप्लेन मोड, नाहीतर लोडिंगच्या मधेच कुणाचा तरी गुड मॉर्निंगचा मेसेज टुंग करतो की गेलं सगळं.

आता बॉर्डर, म्हणजे चित्राभोवतीची रंगीत चौकट, बघायला शिका, कारण बॉर्डर हाच तुमचा मीटर आहे. लोड "" एंटर केल्यावर काही वाजत नसताना बॉर्डर लाल आणि निळसर अशी सावकाश बदलत राहते. सुरुवातीचा लांब सूर आला की लाल-निळसर जाड पट्टे सरकायला लागतात, पाचेक सेकंद, आणि हे पट्टे सारख्या जाडीचे दिसले पाहिजेत. मग क्षणभर निळे-पिवळे बारीक पट्टे आणि स्क्रीनवर फाइलचं नाव. मग परत छोटा सूर आणि मग खरा डेटा, निळा-पिवळा, बराच वेळ.

पट्टेच येत नसतील तर आवाज कमी आहे किंवा केबल माइक सॉकेटमध्ये गेलीय. पट्टे आले पण नाव येत नाही तर आवाज थोडा वाढवून बघा, तरी नाही तर कमी करून. नाव आलं आणि मधेच "टेप लोडिंग एरर" आला तर बहुतेक आवाज जास्त होऊन सिग्नल वरून कापला जातोय किंवा मधे कुठला तरी आवाज घुसला. मी सत्तर-ऐंशी टक्क्यांपासून सुरुवात करा म्हणेन आणि एकदा जमलं की त्या लॅपटॉपवरची जागा कागदावर लिहून ठेवा.

एसडी कार्डवाली इंटरफेस, डिव्हएमएमसी वगैरे, असेल तर हे सगळं वाचतं, ज्यांना रोज वापरायचंय त्यांनी घ्यावी. पण एकदा तरी टेपवरून करा, पुढे स्वतःचा प्रोग्रॅम सेव्ह करायला इअर-माइक कळलेलं असणं उपयोगी पडतं.

जेन्स कुठे ठेवायचा

हा भाग नीट वाचा, कारण इथून पुढे बिघाड मशीनचा नसतो, जागेचा असतो. स्पेक्ट्रमची मेमरी म्हणजे एकच चाळ आहे आणि सगळे बिऱ्हाडकरू तिथेच राहतात, मधे भिंत नाही. 0 ते 16383 रॉम, म्हणजे मशीनचा स्वतःचा कायमचा प्रोग्रॅम. 16384 पासून स्क्रीन, 6144 बाइट्सचं चित्र आणि 768 बाइट्सचे रंग, ते 23295 ला संपतं. 23552 पासून सिस्टिम व्हेरिएबल्स. बेसिकचा, म्हणजे मशीनमध्येच असलेल्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचा, प्रोग्रॅम साधारणपणे 23755 पासून. आणि तिथून वर 65535 पर्यंत तुम्ही, जेन्स, तुमचा सोर्स (तुम्ही टाइप केलेल्या सूचना) आणि तुमचा तयार कोड, सगळे एकत्र.

एक कागद घ्या, उभा पट्टा काढा आणि हे आकडे लिहा. खरंच करा.

जेन्सची गंमत ही की तो ज्या ॲड्रेसला लोड कराल तिथे पहिल्यांदा चालवल्यावर स्वतःला बसवून घेतो, म्हणून जागा तुम्ही ठरवायची. 26000 ही चांगली जागा आहे:

लोड "" कोड 26000
रँडमाइझ यूएसआर 26000

लोड व्हायला मिनिटभर लागतो, जेन्स साधारण नऊ-दहा के खातो, म्हणजे 36000 च्या आसपास तो संपतो आणि त्याच्या वर तुमचा सोर्स वाढत जातो. खाली बेसिकला 23755 ते 26000 एवढीच जागा उरते, अडीच हजार बाइट्ससुद्धा नाहीत, म्हणून मोठा बेसिक प्रोग्रॅम आत असताना जेन्स आणू नका, आधी न्यू करा.

एकदा चालवलेला जेन्स परत सेव्ह करून दुसऱ्या ॲड्रेसला लोड केला तर चालणार नाही, कारण त्यातले ॲड्रेस पहिल्या जागेचे बसलेले असतात. कॉपी करायची तर लोड झाल्यावर, चालवायच्या आधी.

तुमच्या टेपवर आधी एक बेसिक लोडर असेल आणि तो स्वतःच काहीतरी ॲड्रेस ठरवून सुरू होत असेल तर लोडच्या ऐवजी मर्ज "" वापरा. मर्ज केलेला प्रोग्रॅम आपोआप सुरू होत नाही, मग लिस्ट करून बघा तो जेन्सला कुठे ठेवतो, तोच आकडा कागदावर लिहा.

चालू झाल्यावर काही आवृत्त्यांमध्ये "बफर साइज" विचारतो, नुसतं एंटर करा. मग > असा प्रॉम्प्ट येतो. हा एडिटर.

बेसिकमध्ये परत जायचं तर बी (B) ही कमांड. बेसिकमधून जेन्समध्ये परत यायचं तर सोर्स शाबूत ठेवून रँडमाइझ यूएसआर 26061, म्हणजे लोड ॲड्रेस अधिक 61. अधिक 56 केलंत तर सगळं कोरं होऊन सुरू होतो. हे दोन आकडे कीबोर्डच्या वर चिकटवून ठेवा, 56 आणि 61 मधला फरक म्हणजे संध्याकाळभराचं काम.

पहिला प्रोग्रॅम

आधी कॅप्स शिफ्ट आणि 2 दाबून कॅप्स लॉक लावा, जेन्सला इन्स्ट्रक्शन कॅपिटलमध्येच लागतात. मग आय10,10 एंटर, म्हणजे 10 पासून दहा-दहाच्या नंबरनं ओळी घालायच्या. ओळ नंबर स्वतः येतो. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक स्पेस द्या, कारण ओळीच्या अगदी सुरुवातीला जे असेल त्याला जेन्स लेबल समजतो. देवनागरीत लिहितोय, मशीनवर अर्थातच इंग्रजी अक्षरं:

10 ओआरजी 50000
20 ईएनटी $
30 एलडी ए,2
40 कॉल 5633
50 एलडी ए,65
60 आरएसटी 16
70 आरईटी

झालं की कॅप्स शिफ्ट आणि 1, परत प्रॉम्प्ट. एल दाबून लिस्ट बघा.

काय लिहिलंय ते: कोड 50000 ला ठेव, चालवायला सुरुवात इथूनच. मग चॅनल 2, म्हणजे वरची स्क्रीन, रॉममधल्या 5633 च्या रुटीनकडून उघडून घेतला. मग 65, म्हणजे कॅपिटल ए, आणि आरएसटी 16 हा रॉमचा एक अक्षर छापायचा रस्ता. ईएनटी विसरू नका, ती नसेल तर आर कमांड काही चालवणार नाही.

आता चालवायच्या आधी सेव्ह करा. हे मी जरा जोर देऊन सांगतोय, कारण असेंबल झालेला कोड चुकला तर ब्रेक चालत नाही, रीसेट हाच उपाय, आणि रीसेट केलं की सोर्सही गेला, तो त्याच चाळीत राहतो ना. माइक सॉकेटमधून लॅपटॉपच्या माइकला केबल, रेकॉर्डिंग आधी सुरू करा, मगच पी10,70,टेस्ट असं टाइप करून एंटर. आधी का, तर जेन्स "टेप चालू करा" वगैरे म्हणत बसत नाही, एंटर केल्या केल्या पाठवायला लागतो. परत आणायला जी,,टेस्ट. आत आधीचा सोर्स असेल तर नवा त्याच्या शेवटी जोडला जातो, पुसला जात नाही, हे लक्षात ठेवा. लॅपटॉपवर रेकॉर्ड झालेलं वॅव्ह ऑडिओ2टेपनं टेपच्या फाइलमध्ये बदलून ठेवलं की जागा पण कमी आणि एम्युलेटरवर पण चालतं.

मग ए (A) ही कमांड, म्हणजे असेंबल. टेबल साइज विचारेल, एंटर. ऑप्शन्स विचारेल, एंटर (इथे 4 दिलं तर लिस्टिंग येत नाही, 1 दिलं तर लेबलांची यादी येते, दोन्ही हवं तर बेरीज करून 5). पहिल्या पासचे एरर 00, दुसऱ्या पासचे एरर 00 असं आलं की झालं. "बॅड ओआरजी!" आलं तर तुमचा 50000 जेन्सच्या, सोर्सच्या किंवा लेबल टेबलच्या अंगावर आलाय, कागद बघा आणि वर सरकवा.

आता बी करून बेसिकमध्ये या आणि आधी आपल्या डोळ्यांनी बघा काय तयार झालं:

फॉर एन=50000 टू 50008: प्रिंट पीक एन: नेक्स्ट एन

62, 2, 205, 1, 22, 62, 65, 215, 201. नऊ बाइट्स. यातले 1 आणि 22 बघा, 5633 म्हणजे 22 गुणिले 256 अधिक 1, झेड80 लहान बाइट आधी ठेवतो म्हणून उलटे दिसतात. हे नऊच्या नऊ जुळले तर रँडमाइझ यूएसआर 50000 करा, स्क्रीनवर ए येईल. एक अक्षर, पण ते छापायला लागणारा प्रत्येक बाइट कुठे आहे ते तुम्हाला माहितीये.

पुढे जाताना

वेळेवर अवलंबून असलेलं काही लिहिणार असाल, आवाज किंवा बॉर्डरचे पट्टे, तर ते 32768 च्या वरच ठेवा. त्याखालची 16 के प्रोसेसर आणि व्हिडिओची चिप वाटून वापरतात, स्क्रीन काढली जात असताना प्रोसेसरला थांबावं लागतं आणि तुमचा मोजून लिहिलेला लूप डळमळतो. जेन्स स्वतः 26000 ला असला तरी चालतं, त्याला काही घाई नाही.

प्रोसेसरच्या आयवाय रजिस्टरला (त्याच्या आतल्या छोट्या कप्प्यांपैकी एक) हात लावू नका. रॉमला त्यात कायम 23610 हवा असतो, सेकंदाला 50 वेळा इंटरप्ट येऊन कीबोर्ड बघतो तो पण त्याच्याच आधारानं. वापरायचाच असेल तर आधी डीआय (इंटरप्ट बंद) आणि शेवटी 23610 परत भरून ईआय (परत चालू). तसंच पर्यायी एचएल, ईएक्सएक्स या सूचनेनं बदलून येतो तो, बेसिकमध्ये परतताना होता तसा असला पाहिजे, नाहीतर प्रोग्रॅम बरोबर चालून शेवटच्या आरईटीला मशीन लटकतं आणि माणूस भलतीकडेच चूक शोधत बसतो.

मॉन्स पण असाच कुठेही बसतो, मी 55000 ला ठेवतो, म्हणजे खालचा 50000 चा कोड आणि वरचा मॉन्स दोन्ही सुखात. एम नं मेमरी पॉइंटर हलवायचा आणि सिम्बल शिफ्ट झेडनं एकेक इन्स्ट्रक्शन पुढे, फक्त त्याआधी प्रोग्रॅम काउंटर आणि मेमरी पॉइंटर दोन्ही एकाच ॲड्रेसला हवेत. रजिस्टर डोळ्यांसमोर बदलताना बघणं हा झेड80 शिकायचा मला माहीत असलेला सगळ्यात चांगला मार्ग आहे. लॅपटॉपवर क्रॉस असेंबलर आहेत, वेगवान आहेत, मोठ्या कामाला तेच वापरा, पण सुरुवात मशीनवरच करा असं माझं ठाम मत आहे, जागा स्वतः वाटून दिल्याशिवाय 48 के म्हणजे किती ते कळत नाही.

तयार झालेला कोड एकटा ठेवायचा तर बेसिकमधून सेव्ह "अक्षर" कोड 50000,9, मग रेकॉर्डिंग परत वाजवून व्हेरिफाय "" कोड. ओके आल्यावर मशीन रीसेट करा, जेन्स नाही, मॉन्स नाही, आणि:

क्लिअर 49999
लोड "" कोड
रँडमाइझ यूएसआर 50000

क्लिअर 49999 नं बेसिक आणि त्याचा स्टॅक 50000 च्या खाली राहतात, वर फक्त तुमचा कोड. दुसऱ्या कुणाला टेप देणार असाल तर या तीन ओळींचाच बेसिक लोडर करून सेव्ह "अक्षर" लाइन 10 नं टेपवर कोडच्या आधी टाका, म्हणजे त्याला जे (J), दोन अवतरणचिन्हं आणि एंटर एवढंच दाबावं लागेल.